नाकातला फवारा, सांध्यातली सुई

१९९९ साली ‘सेक्शुअली ट्रान्समिटेड इन्फेक्शन्स’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र छापून आले. एफ. चेन आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी ते लिहिले होते. एचआयव्हीसाठी रिटोनाव्हिर घेणाऱ्या आणि त्याच काळात फ्लुटिकासोन हे स्टिरॉइड नाकावाटे किंवा श्वासावाटे ओढणाऱ्या रुग्णांना कुशिंग सिंड्रोम, म्हणजे शरीरात स्टिरॉइड फार झाल्याने होणारा आजार, झाला, त्यांच्या मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींचे काम फारच खालावले, असा त्याचा मजकूर. त्याच वर्षी ‘एड्स’ या नियतकालिकात हिलेब्रांड-हावरकोर्ट आणि सहकाऱ्यांची नेदरलँड्समधून आलेली नोंद निघाली. तिच्यातही रिटोनाव्हिर, नाकातला फ्लुटिकासोनचा फवारा आणि कुशिंग सिंड्रोम हीच तीन नावे आहेत.

फवाऱ्यातला धोका असा १९९९ मध्ये छापला गेला. तोच धोका सांध्यात, मणक्यात, खांद्यात देण्याच्या स्टिरॉइड इंजेक्शनांना लागू आहे, हे छापील नोंदींत ठळकपणे यायला मात्र २००८ उजाडले. औषध त्याच कुळातले, यकृतात त्याला मोडणारा एन्झाइम तोच आणि त्या एन्झाइमला अडवणारी गोळीही तीच. मग मधली नऊ वर्षे कुठे गेली? उपलब्ध कागदांवरून याचे उत्तर बऱ्याच अंशी देता येते, आणि ते आजही उपयोगाचे आहे.

आधी या कागदांविषयी थोडे. या इतिहासाची साधने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार एकेका रुग्णाच्या नोंदींचा. त्यांत माणसाचे नाव नसते. वय, औषधांची यादी, रक्तातले आकडे आणि डॉक्टरांनी काय केले, एवढेच उरते. दुसरा प्रकार औषधाच्या खोक्यात घडी करून ठेवलेल्या माहितीपत्रकांचा. ती वेळोवेळी बदलतात, आणि कोणते वाक्य केव्हा आत आले हे पाहिले की त्या काळी काय मान्य झाले होते ते कळते. तिसरा प्रकार सरकारी औषध-नियंत्रकांच्या सूचनांचा. या तिन्हींना एक मर्यादा आहे आणि ती सतत ध्यानात ठेवावी लागते: नोंद १९९९ ची आहे म्हणून घटनाही १९९९ मध्येच प्रथम घडली, असे म्हणता येत नाही. कोणाला तरी ती ओळखू आली आणि लिहावीशी वाटली, एवढेच नोंदीवरून सिद्ध होते.

रिटोनाव्हिरची कथा १९९६ पासून धरावी लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १ मार्च १९९६ रोजी ॲबट कंपनीच्या या औषधाला परवानगी दिली. अर्ज आल्यापासून अवघ्या ७२ दिवसांत. त्या घाईला कारण होते. माणसे मरत होती. रिटोनाव्हिर, त्याच्या आधी आलेले साक्विनाव्हिर आणि पाठोपाठ आलेले इंडिनाव्हिर ही ‘प्रोटिएज इनहिबिटर’ गटातली औषधे इतर औषधांच्या जोडीने वापरात आली आणि १९९६ ते १९९७ या एका वर्षात अमेरिकेतला एचआयव्हीने होणाऱ्या मृत्यूंचा दर ४७ टक्क्यांनी उतरला. पुढे जे दोष सांगायचे आहेत ते वाचताना हा आकडा विसरू नये.

सुरुवातीला रिटोनाव्हिर ६०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असे पूर्ण मात्रेत देत. मळमळ, जुलाब, ओठांभोवती मुंग्या यांमुळे अनेकांना ते झेपत नसे. पण त्याचा एक गुण लवकरच डोळ्यांत भरला. आपल्या यकृतात आणि आतड्याच्या अस्तरात सीवायपी ३ए४ नावाचा एन्झाइम असतो. बाहेरून आलेली असंख्य औषधे मोडून शरीराबाहेर घालवण्याचे काम तो करतो. रिटोनाव्हिर त्यालाच निकामी करते, आणि शरीराने नवा एन्झाइम घडवेपर्यंत काही दिवस ते काम मागे पडते. साक्विनाव्हिरसारखी औषधे पोटात गेली की बहुतांश वाया जात, ती याच एन्झाइममुळे. १९९७ साली ॲबटच्या डेल केम्फ आणि सहकाऱ्यांनी ‘अँटिमायक्रोबियल एजंट्स अँड केमोथेरपी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषयच हा होता: रिटोनाव्हिर जोडीला दिले की त्याच गटातल्या दुसऱ्या औषधांची रक्तातली पातळी कितीतरी पटींनी वाढते. तेव्हापासून रिटोनाव्हिरची भूमिका पालटली. विषाणूशी लढायचे काम दुसऱ्या औषधाचे. त्याला रक्तात टिकवून धरण्याचे काम १०० मिलिग्रॅम रिटोनाव्हिरचे. सप्टेंबर २००० मध्ये मंजूर झालेल्या लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरच्या जोडगोळीत हीच योजना आहे. मात्रा सहापटीने उतरली, तरी एन्झाइम अडवायला ती पुरेशी होती. किंबहुना त्यासाठीच ती ठेवली होती.

आता या कागदांशेजारी फ्लुटिकासोनचा कागद ठेवून पाहावा. दम्यासाठी आणि नाकाच्या ॲलर्जीसाठी हे स्टिरॉइड सुरक्षित मानले गेले, ते एका गुणामुळे. नाकातून किंवा घशातून जो भाग गिळला जातो, तो यकृतात पहिल्याच फेरीत जवळजवळ संपूर्ण मोडला जातो. तोंडावाटे घेतलेल्या फ्लुटिकासोनपैकी एक टक्काही रक्तापर्यंत पोचत नाही. फुप्फुसातून किंवा नाकाच्या अस्तरातून जे थोडे रक्तात शिरते, त्याचीही वाट शेवटी यकृताकडेच जाते. तिथे हे सारे मोडणारा एन्झाइम म्हणजे सीवायपी ३ए४.

म्हणजे एका औषधाची सुरक्षितता ज्या एन्झाइमवर उभी होती, दुसऱ्याची उपयुक्तता त्याच एन्झाइमला बंद करण्यात होती. हे दोन्ही कागद १९९७ साली छापील स्वरूपात उपलब्ध होते. मग धोका आधीच का ओळखला गेला नाही, असे विचारणे आज सोपे आहे. माझ्या मते तो आरोप न्याय्य ठरणार नाही. त्या दोन-तीन वर्षांत एचआयव्हीच्या दवाखान्यांत मरणपंथाला लागलेली माणसे उठून बसत होती. अशा वेळी सर्दीसाठी नाकात मारायच्या फवाऱ्याकडे कोणाचे लक्ष जाणार? शिवाय अनेकदा तो फवारा लिहून देणारा डॉक्टर वेगळा असे. चेन यांच्या पत्रावर सही करणाऱ्यांत पी. टी. डेली-येट्स हे नाव आहे. पुढे ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या वतीने फ्लुटिकासोनवर निबंध लिहिणारे हेच संशोधक. रुग्ण पाहणारे डॉक्टर आणि औषधाची शरीरातली चाल जाणणारा माणूस एका पत्राखाली आले, तेव्हा गाठ सुटली, असा अर्थ मी त्या सहीचा लावतो.

तरीही १९९९ नंतर ही माहिती वेगाने पसरली नाही. याचे सर्वांत मोठे कारण एका साम्यात होते, आणि इथे थोडे थांबायला हवे.

कुशिंग सिंड्रोममध्ये चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल होतो, मानेमागे चरबीचा उंचवटा येतो, पोट सुटते आणि हातपाय मात्र काटकुळे होतात. कातडी पातळ होते, जांभळे पट्टे उमटतात, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात. अमेरिकी मेंदूशल्यविशारद हार्व्ही कुशिंग यांनी १९३२ च्या निबंधात या रूपाचा संबंध मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठींशी लावला होता. १९४८ पासून कॉर्टिसोन औषध म्हणून वापरात आले आणि गाठ नसतानाही, केवळ औषधाने, हेच रूप येते हे डॉक्टरांना दिसू लागले.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एचआयव्हीची नवी औषधे घेणाऱ्या लोकांत नेमके असेच काहीसे दिसू लागले. पोट वाढलेले, हातपाय बारीक, मानेमागे उंचवटा. डॉक्टरांच्या मनात कुशिंगचीच शंका प्रथम आली. त्यांनी तपासण्या केल्या. कॉर्टिसॉल, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींत तयार होणारे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड, वाढलेले नव्हते. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये जोन लो आणि सहकाऱ्यांनी एचआयव्ही असलेल्या पुरुषांतल्या मानेमागच्या उंचवट्यावर निबंध लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेतूनच दुसऱ्या एका गटाने अशा रुग्णांवरच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘स्यूडो-कुशिंग’, म्हणजे कुशिंगचा आभास, असे म्हटले. आणि त्याच १९९८ मध्ये सिडनीच्या अँड्र्यू कार, कॅथरिन समारास, डेव्हिड कूपर आदींनी चरबीच्या या उलथापालथीचे सविस्तर वर्णन केले: हातापायांवरची चरबी झडणे, रक्तातली चरबी वाढणे, शरीराने इन्शुलिनला दाद न देणे. लिपोडिस्ट्रॉफी हे नाव त्यानंतर सर्वत्र रुळले.

हे सर्व संशोधन प्रामाणिक होते आणि खरेही होते. पण त्याचा परिणाम असा झाला, की एचआयव्हीच्या रुग्णात कुशिंगसारखे रूप दिसले तर ते कुशिंग नसते, हा धडा एका पिढीच्या डॉक्टरांनी गिरवला. आणि नेमक्या त्याच वेळी काही थोड्या रुग्णांत खराखुरा कुशिंग सिंड्रोम सुरू झाला होता. आभासाच्या गर्दीत खरा आजार लपला.

तपासणीनेही साथ दिली नाही, उलट घोळ वाढवला. रक्तात कॉर्टिसॉल मोजले तर ते वाढलेले सोडाच, फारच कमी निघे. कारण शरीरावर परिणाम करत होते ते बाहेरून आलेले फ्लुटिकासोन, आणि नेहमीच्या कॉर्टिसॉल तपासणीत ते कॉर्टिसॉल म्हणून मोजले जात नाही. बाहेरून इतके स्टिरॉइड मिळाल्यावर पिट्युटरीने एसीटीएच या संप्रेरकाचा हुकूम थांबवला होता, आणि तो न मिळाल्याने ॲड्रिनल ग्रंथी निजल्या होत्या. चेहरा सांगत होता स्टिरॉइड जास्त झाले, अहवाल सांगत होता कमी झाले, आणि दोन्ही खरे होते. ज्यांना या विसंगतीतून अर्थ काढता आला त्यांना निदान सापडले. बाकीच्यांनी, कॉर्टिसॉल वाढलेले नाही म्हणजे लिपोडिस्ट्रॉफीच, असे म्हणून फाईल मिटली असेल. असे किती जण, हे कोणत्याच कागदावरून सांगता येणार नाही.

२००२ साली इंडियानाच्या गुप्ता आणि ड्युबे यांनी ‘क्लिनिकल इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये लिहिलेल्या नोंदीचे शीर्षक या दृष्टीने फार बोलके आहे. बाहेरच्या स्टिरॉइडने झालेला कुशिंग सिंड्रोम एचआयव्हीतल्या लिपोडिस्ट्रॉफीचे सोंग घेतो, असे ते सांगते. चार वर्षांपूर्वीचा ‘स्यूडो-कुशिंग’ इथे उलटा झाला. २००५ मध्ये सिडनीहून सहा रुग्णांची नोंद एकत्र प्रसिद्ध झाली. श्वासावाटे स्टिरॉइड आणि रिटोनाव्हिरच्या जोडीतले प्रोटिएज इनहिबिटर. परिणाम कुशिंग सिंड्रोम, हाडांची झीज आणि ॲड्रिनल ग्रंथींचे काम कोलमडणे. लेखकांत पहिले नाव समारास यांचे आणि शेवटचे कूपर यांचे. १९९८ मध्ये लिपोडिस्ट्रॉफीचे वर्णन करणाऱ्यांपैकीच हे दोघे. ज्यांनी तो आजार जगाला ओळखीचा करून दिला, त्यांनीच त्याच्या आड लपलेला दुसरा आजार पुढे आणला. या साऱ्या कागदपत्रांत मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या दुसऱ्या निबंधाचा. गाजलेल्या कामाच्या सावलीत काय झाकले गेले, हे स्वतः जाऊन पाहणे संशोधकाला सोपे नसते.

तोवर औषधांच्या माहितीपत्रकांत बदल झाला होता. २००४ च्या सुमारास फ्लुटिकासोनच्या अमेरिकी माहितीपत्रकात एका चाचणीचे निष्कर्ष आले. १८ निरोगी माणसांना नाकातला फ्लुटिकासोनचा फवारा दिवसाला २०० मायक्रोग्रॅम असा सात दिवस दिला. नुसता फवारा दिला तेव्हा बहुतेकांच्या रक्तात औषध मोजण्याइतकेही सापडले नाही. सोबत रिटोनाव्हिर दिल्यावर रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे २५ पट झाली आणि एकूण संपर्क, म्हणजे काळाच्या हिशेबाने शरीराला मिळालेले औषध, ८.४३ वरून ३,१०२.६ वर गेले. साडेतीनशे पटींहून अधिक. या माणसांचे स्वतःचे कॉर्टिसॉल ८६ टक्क्यांनी घटले. तेही एका आठवड्यात, निरोगी शरीरात आणि नाकातल्या फवाऱ्याने.

या आकड्यांनंतर वादाला जागा उरली नाही. पण इशारा लिहिला गेला तो फ्लुटिकासोनच्या नावाने. माहितीपत्रक एका औषधाचे असते. ते दुसऱ्या स्टिरॉइडबद्दल बोलत नाही. परिणामी काही डॉक्टरांनी फ्लुटिकासोन थांबवून बुडेसोनाइड सुरू केले. तेही सीवायपी ३ए४ नेच मोडले जाते. २०१० मध्ये बुडेसोनाइड आणि रिटोनाव्हिर यांच्या जोडीने झालेल्या त्रासाच्या नोंदी आल्या, त्यांतली एक दक्षिण आफ्रिकेतल्या लहान मुलाची. पुढच्या वर्षी डोळ्यांत घालायच्या स्टिरॉइड थेंबांनी झालेल्या कुशिंग सिंड्रोमचीही नोंद ‘एड्स’मध्ये आली. धोका एका औषधाचा नव्हता, एन्झाइमच्या वाटेने जाणाऱ्या सगळ्या स्टिरॉइडांचा होता. आणि कागदावर मात्र तो एकेक नाव करत उमटत होता.

सुईची गोष्टही याच ओळीत बसते.

गुडघ्यात, खांद्यात, नितंबाच्या सांध्यात किंवा मणक्याच्या आवरणाभोवती दिले जाणारे ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड पाण्यात विरघळलेले नसते. त्याचे बारीक कण द्रवात तरंगत असतात. सांध्यात गेल्यावर ते कण कित्येक दिवस, कित्येक आठवडे सावकाश विरघळतात, म्हणूनच एका सुईचा आराम लांबतो. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची समजूत अशी असते, की औषध जिथे घातले तिथेच राहते. तसे ते राहत नाही. रोज थोडे रक्तात झिरपते. एरवी ते झिरपलेले यकृत त्या त्या दिवशी निस्तरते, म्हणून कोणाला कळत नाही. रिटोनाव्हिर घेणाऱ्या माणसात ते निस्तरणे थांबलेले असते. झिरपलेले साचत जाते, आणि सांध्यातला साठा रोज त्यात भर घालतो. फवारा निदान आज बंद करता येतो. एकदा टोचलेली सुई परत काढून घेता येत नाही.

२००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या रामनाथन आणि सहकाऱ्यांनी लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर घेणाऱ्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. मणक्याजवळ ट्रायमसिनोलोनची इंजेक्शने दिल्यावर त्याला कुशिंग सिंड्रोम झाला होता. त्याच वर्षी बेल्जियमच्या योंबी आणि सहकाऱ्यांनी संधिवाताच्या नियतकालिकात लिहिले, की सांध्यात दिलेल्या एकाच इंजेक्शनाने हे घडू शकते. ‘एकाच’ हा शब्द त्यांच्या शीर्षकात आहे. २००९ मध्ये व्हर्जिनियातून आणखी एक नोंद आली आणि ‘ऑर्थोपेडिक्स’ या नियतकालिकात नितंबाच्या सांध्यातल्या इंजेक्शनानंतरच्या बिघाडाची.

ही नियतकालिके कोणती आहेत ते पाहावे. पहिली नोंद संसर्गरोगांच्या तज्ज्ञांनी वाचायची, दुसरी संधिवाताच्या, चौथी हाडांच्या डॉक्टरांनी. माझ्या समजुतीप्रमाणे नऊ वर्षांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. फवाऱ्याबद्दल जे माहीत झाले होते ते एचआयव्हीच्या दवाखान्यात माहीत झाले होते. सुई टोचली जात होती ती हाडांच्या, दुखण्याच्या, त्वचेच्या दवाखान्यांत. ‘सेक्शुअली ट्रान्समिटेड इन्फेक्शन्स’ हे नियतकालिक हाडांच्या डॉक्टराच्या टेबलावर येण्याचे कारणच नव्हते. आणि रुग्णाने गुडघ्यात सुई घेतली, ही गोष्ट एचआयव्हीच्या डॉक्टरांना सांगण्यासारखी त्याला वाटत नव्हती. मधल्या काळात अशी इंजेक्शने दिली गेलीच नाहीत, असे मानायला काही आधार नाही. दिली गेली असणार आणि त्यांचे परिणाम लिपोडिस्ट्रॉफी, मधुमेह किंवा थकवा या नावांखाली गेले असणार. हे माझे अनुमान आहे, पण वरच्या पुराव्यावरून ते मला अपरिहार्य वाटते.

त्या अनुमानाला बळ देणारा कागद २०१३ चा. बोस्टनच्या एमिली हाइल आणि सहकाऱ्यांनी जुन्या फाईली उलटून पाहिल्या: प्रोटिएज इनहिबिटर घेत असताना ज्यांना स्टिरॉइडचे इंजेक्शन मिळाले, त्यांचे पुढे काय झाले? साधारण दहांमागे एकात पिट्युटरी आणि ॲड्रिनल यांच्यातला व्यवहार बिघडलेला आढळला. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी हे प्रमाण मोठे असल्याचे म्हटले आहे. तोवर विरळा वाटणारी गोष्ट, शोधायला बसल्यावर विरळा राहिली नाही.

दरम्यान कोबिसिस्टॅट आले. २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एका चार औषधांच्या गोळीत ते आहे. विषाणूवर त्याचा काही परिणाम नाही. दुसऱ्या औषधाला टिकवण्यासाठी सीवायपी ३ए४ अडवणे, एवढेच त्याचे काम. साहजिकच स्टिरॉइडांचा धोकाही तोच. डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या औषध-नियंत्रकाने काढलेली सूचना मला या साखळीतला पहिला पुरता कागद वाटते. तिने एका स्टिरॉइडाचे नाव न धरता रिटोनाव्हिर आणि कोबिसिस्टॅट यांचे नाव धरले. तोंडावाटे न दिलेली स्टिरॉइडे, नाकातली, श्वासावाटे घ्यायची, सांध्यातली, सगळी एकत्र आणली. आणि बेक्लोमेथासोनसारखा तुलनेने कमी धोक्याचा पर्याय सुचवला. चेन यांच्या पत्राला तेव्हा सतरा वर्षे झाली होती.

आपल्याकडचा संबंध २००८ च्या जानेवारीपासूनचा आहे. भारत सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधयोजना, १ एप्रिल २००४ रोजी सुरू केली, पण पहिल्या फळीतल्या त्या गोळ्यांत रिटोनाव्हिर नव्हते. ज्यांच्यावर त्या चालेनाशा झाल्या त्यांच्यासाठी दुसऱ्या फळीची औषधे सरकारी खर्चाने देण्याची सुरुवात मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि चेन्नईजवळचे तांबरम इथे झाली, आणि त्या औषधांत रिटोनाव्हिर आले. म्हणजे ज्या वर्षी सुईच्या धोक्याच्या नोंदी परदेशी नियतकालिकांत उमटत होत्या, त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयातून ती गोळी सामान्य माणसाच्या हाती येऊ लागली. आज पहिल्या फळीत डोल्युटेग्राव्हिर आहे. ते सीवायपी ३ए४ अडवत नाही, त्यामुळे आजच्या बहुसंख्य रुग्णांना हा धोका नाही. दुसऱ्या फळीत मात्र अटाझानाव्हिर, लोपिनाव्हिर किंवा दारुनाव्हिर यांच्या जोडीला रिटोनाव्हिर असू शकते.

आणि सुई आपल्याकडे किती सहज मिळते! खांदा आखडला, टाच दुखली, कंबरेतून पायात कळ गेली, जखमेचा व्रण फुगला, गुटख्याने तोंड उघडेनासे झाले, या सगळ्यांवर ट्रायमसिनोलोन टोचतात. केनाकोर्ट हे त्याचे नाव अनेकांच्या कानावरून गेलेले असते. ज्याला ती टोचायची तो माणूस समोरच्या डॉक्टरला एचआयव्हीबद्दल सांगत नाही. का सांगत नाही, हे आपल्या समाजात वेगळे सांगायला नको. गल्लीतला दवाखाना, ओळखीचा कंपाउंडर, बाहेर बाकावर बसलेले शेजारी. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय ही माहिती उघड करण्याला बंदी केली आणि या कारणावरून उपचार नाकारणे बेकायदा ठरवले. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. पण भीती कायद्याच्या तारखेने संपत नाही. परदेशात दोन दवाखान्यांमधल्या भिंतीमुळे नऊ वर्षे गेली. आपल्याकडे त्या भिंतीत लाज आणि भीती यांचीही भर आहे.

म्हणून दोन्ही बाजूंना विनंती आहे. जे डॉक्टर सांध्यात, मणक्यात किंवा कातडीत स्टिरॉइड टोचतात, त्यांनी त्याआधी प्रत्येक रुग्णाला, अगदी प्रत्येकाला, एकांतात विचारावे: रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत, पाकीट दाखवता का? आणि ज्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट हे नाव आहे, त्यांनी सुई घेण्याआधी आपल्या एआरटी सेंटरला विचारावे. दुसऱ्या डॉक्टरला आजार सांगण्याचे धैर्य होत नसेल, तर निदान पाकीट पुढे करावे. नाव वाचून त्याला कळेल. सुई घेऊन झालेली असेल आणि त्यानंतरच्या आठवड्यांत चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, साखर चढली, किंवा अंगातले त्राण जाऊन उभे राहताच घेरी येऊ लागली, तर सुईची तारीख आणि गोळ्यांचे पाकीट घेऊन त्याच दिवशी एआरटी सेंटर गाठावे आणि कॉर्टिसॉलची तपासणी मागावी. आपल्या मनाने एआरटी मात्र थांबवू नये. ती थांबली तर विषाणू उसळतो. शिवाय रिटोनाव्हिर बंद होताच साचलेले स्टिरॉइड झपाट्याने उतरते आणि निजलेल्या ग्रंथींवर सारा भार एकदम येतो. गोळ्या बदलायच्या की नाही, आणि ग्रंथी जाग्या होईपर्यंत हायड्रोकॉर्टिसोन किती द्यायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.